वहिनी, दुसरा हात!

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, जे आमच्या गॅरेज मालक संघाचेही अध्यक्ष आहेत आणि सुट्या भागांचे मोठे दुकानदारही. त्यांच्या शेजारी बसलेले या गॅरेजचे नवे मालक. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे मिस्त्री, ज्यांना मी भावजी म्हणते. त्यांना न्यायला आलेली त्यांची लेक. आणि समोर बसलेले सगळे मेकॅनिक, रंगारी, पंक्चरवाले, टॅक्सीवाले, शेजारीपाजारी आणि निव्वळ चहासाठी आलेले सज्जनहो, सगळ्यांना माझा नमस्कार.

अध्यक्षमहाराज, जरा जपून बसा. आपण ज्याला आज व्यासपीठ म्हणतोय, तो या गॅरेजचा खड्डा आहे. त्यावर फळ्या टाकल्यात आणि फळ्यांवर सतरंजी. आजवर माणसं या खड्ड्यात उतरून वरच्या गाडीचं काय गळतंय ते बघायची. आज वर माणसं बसलीत आणि खाली कोणी नाही. तेव्हा तुमचं काय गळत असलं तर ते ज्याचं त्यानं बघावं.

माझ्या हातात हा कागद आहे, तो शोभेचा. मी काल सांगितलं, नातीनं लिहून घेतलं. तिनं त्यात ‘ऋणानुबंध’ हा एक शब्द पदरचा घातला. तो मी गाळणार आहे, कारण तो म्हणताना माझी कवळी हलते. आणि कागद तसाही शिळा झाला. काल लिहिलं, आणि आज सकाळी एक गोष्ट घडली, ती त्यात नाही. ती मी सांगणार आहे. भावजी, डोळे वटारू नका. हार घातलेल्या माणसानं हसरं बसायचं असतं.

तर आधी, ही म्हातारी कोण, असं ज्यांच्या मनात आलं असेल त्यांच्यासाठी. ती वर खिडकी दिसते ना, पत्र्याच्या वर, जिची एक काच रंगानं माखली आहे? ते माझं घर. काच मी माखली नाही, रंगाऱ्यानं माखली, तो मागच्या रांगेत तोंड लपवून बसलाय. हे गॅरेज दोघांचं. एक भावजी, दुसरे आमचे हे. ह्यांना सगळे दादा म्हणायचे. भावजींनी इंजिन उघडायचं आणि ह्यांनी गिऱ्हाइकाचं तोंड बंद करायचं, अशी वाटणी होती. माझा संसार या इंजिनांच्या आवाजावर झाला. लोक पाळण्यात पोरांना गाणी म्हणतात. माझी पोरं रेस दिल्याशिवाय झोपत नव्हती.

आता मुद्द्याकडे येते. गाडीत ऑइल असतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते गाळायला एक फिल्टर असतो, हेही बहुतेकांना माहीत असतं. पत्र्याचा डबा, आत घड्या घातलेला कागद, तोंडाशी रबराची एक रिंग. ऑइल बदललं की फिल्टर बदलायचा. जुना फिरवून काढायचा, नवा फिरवून बसवायचा. म्हटलं तर बरणीचं झाकण. पण गंमत अशी की जुना डबा निघतो आणि कधीकधी त्याची रिंग मागे राहते, इंजिनलाच चिकटून. काळ्यावर काळी, दिसत नाही. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की रिंगेवर रिंग. हाताला घट्ट लागतं, माणूस समाधानानं हात पुसतो. गाडी निघते, ऑइल तापतं, दाब चढतो, आणि दोन रिंगांमधून ते वाट काढतं. आधी थेंब. मग धार. मग गाडी रस्त्यात उभी आणि इंजिन कायमचं गप्प.

ही चूक या गॅरेजमध्ये एकदा झाली होती. कुणाकडून झाली? भावजींकडून नव्हे. आमच्या ह्यांच्याकडून. गिऱ्हाईक बायकापोरांना घेऊन सहलीला निघालं होतं, ते निम्म्या वाटेतून दोरीनं ओढून आणलेल्या गाडीतून परतलं. हे त्या गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. जेवायला बोलवलं तरी नाहीत. बाहेर आले तेव्हा हातात दोन रिंगा होत्या. भावजींना म्हणाले, “मी तपासलं होतं रे. बोट फिरवलं होतं. कोरडं लागलं.”

भावजी म्हणाले, “तूच बसवलास, तूच तपासलास. आपल्या चुकीला आपलं बोट कोरडंच लागतं.”

त्या दिवसापासून नियम झाला. ज्यानं फिल्टर बसवला त्यानं तो तपासायचा नाही. बसवून झालं, इंजिन चालवून झालं की हाक मारायची, “दुसरा हात!” दुसऱ्यानं यायचं, पांढऱ्या फडक्यानं पुसायचं, पुन्हा इंजिन चालवायचं, मग रिंगेभोवती बोट फिरवायचं आणि एकच शब्द बोलायचा. ओलं किंवा कोरडं. त्यावर वाद नाही, राग नाही. दिवसातून कितीदा तरी ती हाक मी वरून ऐकायची. हे “दुसरा हात!” म्हणायचे, भावजी जायचे. भावजी म्हणायचे, हे जायचे. भाजी चिरता चिरता मला कळायचं, कुणाचं बसवून झालं आणि कुणाची पाळी.

मग हे गेले.

याबद्दल कागदावर नातीनं बरंच लिहिलंय, चांगलं लिहिलंय. मी एवढंच सांगते की मी खिडकी लावून घेतली. पोरं आली, राहिली, आपापल्या घरी गेली. त्यांनी तरी किती राहावं? मी स्वयंपाक एका पातेल्यात करायला लागले, मग करायचाही कंटाळा करायला लागले. बोलायला कुणी नसलं की माणसाचा आवाज गंजतो, हे तुम्हाला माहीत आहे का? एकदा दूधवाल्याला मी काहीतरी म्हटलं आणि तो दचकला. मीही दचकले. मला वाटलं, हे कोण बोललं?

आणि एके दिवशी दुपारी अंगणातून हाक आली. “वहिनी, दुसरा हात!”

मला वाटलं, भावजींना भ्रम झाला. मी खिडकी उघडून खाली वाकले. म्हटलं, “तुमची माणसं काय सुट्टीवर गेलीत?”

“आहेत ना.”

“मग त्यांना बोलवा.”

“त्यांना पगार मी देतो. ओलं असलं तरी मला कोरडं म्हणतील. दादा मला घाबरत नव्हता.” आणि मान वर करून म्हणाले, “तुम्हीही घाबरत नाही.”

म्हटलं, “घाबरण्यासारखं आहे काय तुमच्यात?”

“तेच म्हणतोय. या खाली.”

मी गेले. पदर खोचून खड्ड्यात उतरले. गिऱ्हाईक बिचारं बघतच राहिलं, त्याच्या गाडीखाली एक विधवा बाई चालली आहे आणि मिस्त्री तिला दिवा दाखवतोय. मी बोट लावलं आणि म्हटलं, “ओलं.” कारण तिथे सगळंच ओलं होतं. भावजी म्हणाले, “आधी पुसायचं, वहिनी.” पुसायला कपडा नव्हता. वर जाऊन ह्यांचा एक पांढरा सदरा घेऊन आले. बरेच दिवस तो खुंटीवर होता, धुवायचंही धैर्य होत नव्हतं. भावजींनी तो हातात घेतला, उलगडला, आणि कात्री मागितली. त्या सदऱ्याचे तुकडे केले. मी पुसलं, इंजिन चालवलं, बोट फिरवलं. म्हटलं, “कोरडं.”

तेव्हापासून माझी नेमणूक झाली. सज्जनहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गाड्यांना माझं बोट लागलेलं आहे. उपकार म्हणून सांगत नाही. पण कुणी कधी विचारलं नाही, म्हणून सांगते.

या कामात राहून मला फिल्टरही कळायला लागले. अध्यक्षमहाराजांसमोर हे बोलणं म्हणजे आचाऱ्याला फोडणी शिकवणं. पण त्यांच्या दुकानातून एकदा फार झकपक डबे आले होते, लखलखीत, वर चित्रं. त्यांना आठवत नसेल. मला आठवतं. भावजींनी त्यातला एक करवतीनं कापला आणि आमच्यासमोर ठेवला. आत कागदाच्या घड्या इतक्या विरळ की दोन घड्यांमधून माशी जाईल. ऑइल मागे परतू नये म्हणून आत रबराचा एक पडदा असतो, तो प्लास्टिकसारखा ताठ. अध्यक्ष तेव्हा अध्यक्ष नव्हते, म्हणून लगेच म्हणाले, “परत घेतो.” आज म्हणाले असते, “समिती नेमू.”

फिल्टर जावयासारखा बघावा. कपड्यांवर जाऊ नये. हातात घ्यावा, वजन बघावं; फार हलका असला तर आत काही नाही. तोंडाची रिंग अंगठ्यानं दाबून बघावी. मऊ हवी, दाबली की परत यायला हवी, आणि आपल्या खाचेत नीट बसलेली हवी. आतले आटे स्वच्छ हवेत. आणि मुख्य म्हणजे, आटे जुळले म्हणून फिल्टर आपला होत नाही. दुसऱ्या गाडीचा फिल्टरही आपल्या गाडीला बसतो, छान बसतो, पण आतून तो दुसऱ्याच इंजिनसाठी केलेला असतो. म्हणून आपल्या गाडीसाठी सांगितलेलाच घ्यावा, ओळखीच्या दुकानातून घ्यावा, आणि बसवताना रिंगेला नव्या ऑइलचं बोट लावून हातानंच आवळावा. पाना लावून आवळणारा माणूस एक तर नवशिका असतो, नाही तर घाईत असतो.

आमच्या भावजींना घाई कधीच नव्हती. आणि बोलणंही नव्हतं. लोकांना वाटत असेल, इतकी वर्षं ही दोघं एका अंगणात, काय काय बोलत असतील! अहो, काही नाही. त्यांची बायको, म्हणजे खरं तर माझी जाऊबाईच म्हणा, ती गेली तेव्हाही मी त्यांना काही बोलू शकले नाही. खाली गेले, बोट फिरवलं, “कोरडं” म्हटलं आणि वर आले. माझे डोळे आले होते तेव्हा त्यांनी विचारलं, “दिसतंय का?” मी म्हटलं, “बोटाला दिसतं.” झालं. आमच्या आयुष्याचा सगळा संवाद काढला तर निम्मा ‘ओलं’ आणि निम्मा ‘कोरडं’ निघेल.

पण त्यासाठी मी सकाळी केस विंचरायचे, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. हाक येईल म्हणून.

आता भावजींचा गुडघा गेला. खड्ड्यातून वर यायला दोघांचा आधार लागतो. लेक दातांची डॉक्टर आहे, गुणी आहे, दोन दिवसांच्या वाटेवर राहते. तिनं सांगितलं, बाबा, पुरे. बरोबरच सांगितलं. मी तिच्या जागी असते तरी हेच सांगितलं असतं. माझी पोरंही मला हेच सांगतात, फक्त फोनवर. नवे मालकही भले गृहस्थ आहेत. त्यांनी मला मघाशी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “आजी, आता गाडी वर उचलायचं यंत्र येईल, खड्डा बुजवू. तुम्हाला आता काही त्रास नाही. आराम करा.”

मी ‘बरं’ म्हटलं. चांगल्या माणसाशी भांडता येत नाही, ही एक मोठीच अडचण आहे.

तर आज सकाळची गोष्ट.

भावजी आपल्या गाडीनंच जाणार. लेक म्हणाली, बाबा, गाडी मागाहून येईल. तर नाही म्हणाले. लांबचा पल्ला, म्हणून सकाळी ऑइल बदललं, नवा फिल्टर बसवला. खड्ड्यावर फळ्या पडल्या होत्या, पण त्यांच्या गाडीचा फिल्टर बॉनेट उघडलं की वरूनच हाताला लागतो. मी खिडकीशीच होते. हाक आली. “वहिनी, दुसरा हात.” नेहमीसारखी खणखणीत नव्हती. मी खाली उतरले. तिकडे खुर्च्या लागत होत्या, कुणीतरी माईकमध्ये फुंकर मारत होतं. मी पुसलं. त्यांनी इंजिन चालवलं, बंद केलं. मी बोट फिरवलं.

“ओलं,” म्हटलं.

“नीट पुसलं नसेल.”

“भावजी, मला पुसायला शिकवता?”

पुन्हा पुसलं. पुन्हा ओलं. मग त्यांनी फिल्टर काढला, आणि इंजिनच्या तोंडावर नखानं खरवडलं. जुनी रिंग निघाली.

रिंगेवर रिंग! ज्या चुकीवरून या माणसानं नियम केला, आणि या खुर्च्यांवर बसलेल्या निम्म्या मेकॅनिकांना ज्या चुकीवरून कान धरून उभं केलं, ती चूक. स्वतःच्या गाडीत. निघायच्या दिवशी.

ते ती रिंग हातात घेऊन ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसले. म्हणाले, “दादाची चूक.”

मी म्हटलं, “लक्ष कुठे होतं?”

ती रिंग त्यांनी बोटावर फिरवली. मग म्हणाले, “तिकडे सगळी मायेची माणसं आहेत, वहिनी. मी काहीही केलं तरी म्हणतील, छान आहे बाबा. मला ओलं कोण म्हणणार?”

सज्जनहो, मला बोलता येतं असा माझा लौकिक आहे. आताही बघा, थांबत नाही. पण तेव्हा मला एवढंच सुचलं, “आधी नवी रिंग बघा, ती दबली असेल.” त्यांनी तो फिल्टर टाकून दुसरा घेतला. रिंगेला ऑइलचं बोट लावलं, हातानं आवळला. इंजिन चालवलं. आणि मला म्हणाले, “हे कुणाला सांगू नका.”

मी म्हटलं, “छे.”

तेवढ्यात अध्यक्ष आले, हार आले, आणि भावजींना धरून इथे आणून बसवलं. तपासायचं राहिलंच. दुसऱ्या हातानं शब्द दिलेला नाही. मघापासून भावजी माझ्याकडे बघताहेत, तुम्हा सगळ्यांना वाटतंय, किती भारावलेत! ते भारावलेले नाहीत. ते निकालाची वाट बघताहेत. शब्द मिळाल्याशिवाय ते गाडी हलवणार नाहीत, मग लेक काहीही म्हणो.

आणि खरं सांगायचं तर, ‘ओलं’ हा शब्द फार सोपा आहे. मी आत्ता तो उच्चारला तर काय होईल? पुन्हा बॉनेट उघडेल, पुन्हा फिल्टर निघेल, उजेड जाईल. लेक म्हणेल, आता सकाळी निघू. सकाळी मी पुन्हा म्हणेन, ओलं. भावजी वाद घालणार नाहीत. नियमच तसा आहे. समारंभासाठी आलेली नातही उद्या जाईल, आणि मी खिडकीत बसून नुसती ‘ओलं’ म्हणत राहीन, गाडी आपली अंगणात.

असं काही माझ्या मनात आलं नाही, असं म्हणणार नाही.

पण दुसरा हात खोटं बोलायला लागला, तर पहिल्या हातानं विश्वास कुणावर ठेवायचा? ह्यांनी मला दुसरं काही शिकवलं नाही, पण हे खालच्या अंगणातून शिकवलं.

असो. आता समारंभाच्या रीतीप्रमाणे आभार मानते. मला बोलायला उभं केल्याबद्दल संघाची आभारी आहे. आणि अजून खाली बसवलं नाही याबद्दल जास्त. ज्यांनी फरशी सोड्यानं घासली त्यांचे आभार. डाग गेले नाहीत ते बरंच झालं, माणसाला आपलं गॅरेज ओळखू येतं. अध्यक्षमहाराजांच्या फिल्टरांबद्दल अधिक-उणं बोलले, त्याची क्षमा असावी. भावजींना दिलेला शब्द मोडून सकाळची गोष्ट चारचौघांत सांगितली, त्याची मात्र क्षमा मागत नाही. त्यांना कुणीतरी ‘ओलं’ म्हणायला हवं होतं, ते म्हटलं.

आणखी एक क्षमा मागायची आहे. अध्यक्षांचं भाषण ऐन रंगात आलं असताना मी पाणी पिऊन येते म्हणून उठले, ते पाणी प्यायला नव्हे. मी अंगणात गेले. नव्या मालकांना वाटलं मला बरं नाही, म्हणून ते मागोमाग आले. मी म्हटलं, “बॉनेट धरा.” त्यांनी धरलं आणि काही विचारलं नाही. माणूस शिकण्यासारखा आहे. मी पुसलं. त्यांना म्हटलं, गाडी चालू करा. केली, बंद केली. मग मी बोट फिरवलं, आणि बोट या फडक्याला पुसलं.

हे फडकं. ह्यांचे सदरे होते तेवढे सगळे कापून झाले, हा शेवटच्यातला शेवटचा तुकडा. मागच्या रांगेला दिसतंय का? पांढरं आहे.

लेकी, ये इकडे. हे तू ठेव. तुला लोकांच्या तोंडात बोट घालून बघायची सवय आहे, तुला जमेल. वाटेत पहिल्यांदा थांबाल तेव्हा बाबांना बघू देऊ नकोस, तू बघ. आधी पुसायचं, मग बोट फिरवायचं. आणि ओलं असलं तर ओलं म्हणायचं. माया आहे म्हणून कोरडं म्हणायचं नाही. त्यांना ते आवडत नाही.

कोरडं आहे, भावजी. या.